सूर धरणाऱ्याचे डोळे

माझे वडील काम करताना एकच स्वर धरत. त्याला गाणं म्हणता येणार नाही, गुणगुणणंही नाही. ओठ मिटलेले, डोळेही मिटलेले, आणि नाकातून येतो की छातीतून, काही कळू नये असा एक सपाट, लांबच लांब आवाज. सायकलची उतरलेली चेन बसवताना, बाजेची सुंभं ताणताना, अंघोळीच्या दगडावर बसून टाच घासताना तो सुरू होई. मधे श्वास केव्हा घेत, मला कधी सापडलं नाही. माय चुलीपाशी असली तरी तिला तो ऐकू जाई. ती हातातली भाकर तव्यावर टाकून उठे, येऊन त्यांच्या खांद्यावर दोन बोटं टेकवी, आणि आवाज थांबे. ती परत चुलीपाशी जाई. दोघांपैकी कुणीही काही बोलत नसे. मला वाटे, सगळ्यांच्या घरी असंच असतं. आई-वडिलांमधलं हे एक नेहमीचं काम, जसं पाणी भरणं किंवा दिवा लावणं.

वडिलांना आम्ही दादा म्हणत होतो. आम्ही म्हणजे मी एकटीच; पण माय नेहमी ‘आपली लेकरं’ असं म्हणे, आणि त्याचाही अर्थ मी कधी विचारला नाही. आमचं गाव अंबडपासून सायकलनं पाऊण तासावर. दादा अंबडच्या बाजारात हमाली करत. सकाळी ज्वारीची भाकर, उडदाचं घुटं आणि मिरचीचा ठेचा फडक्यात बांधून निघत, सायंकाळी परत येताना कुणीतरी वाचून टाकलेला पेपर घेऊन येत. वस्तीतल्या रात्रीच्या शाळेत ते मोठेपणी वाचायला शिकले होते. मोठ्यानं, अक्षरावर बोट ठेवून वाचत. बाजारभाव, खून, निवडणूक, सगळं त्याच एका आवाजात. माय अंबाडीची भाजी निवडत ऐके. मला अजून अंबाडीच्या आंबूस वासाबरोबर पेपरच्या शाईचा वास येतो.

दादा पूर्वी वाजवायचे, हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. गावातल्या लग्नांत, देवाच्या पालखीत त्यांचा सूर असे. सनई वाजवणाऱ्याच्या शेजारी बसून एक माणूस सनईसारखीच दिसणारी, पण बोटांची भोकं नसलेली नळी फुंकतो. तिलाही सूरच म्हणतात; तिच्यातून एकच स्वर निघतो, आणि तो तुटू द्यायचा नसतो. गालात हवा साठवून, नाकानं श्वास घेत घेत घटकाच्या घटका धरायचा. सनईवाल्याचं सगळे कौतुक करतात, सूर धरणाऱ्याकडे कुणी बघत नाही. तो थांबला तरच लोकांना कळतं की तो होता. वस्तीनं धम्म घेतला तेव्हा गावकीची सगळी कामं सोडली, त्यात दादांनी सूरही सोडला. माझ्या जन्माच्या आधीची ही गोष्ट. सगळे असंच सांगत, आणि ते खरंही होतं. पण पूर्ण खरं नव्हतं, हे मला पंधराव्या वर्षी कळलं. ज्या तऱ्हेनं कळलं, तेच आज लिहायला बसले आहे.

मी अंबडच्या शाळेत नववीला होते. चित्रं बरी काढायची. शहरातून एक चित्रकार शाळेत आले. जालन्याला, स्टेशनच्या बाजूला एक सभागृह बांधलं जात होतं; तिथल्या भिंतीवर टांगायला त्यांना कॅनव्हासवर मोठं चित्र करायचं होतं, मराठवाड्यातल्या लोककलावंतांचं. त्यांचं नाव मी लिहीत नाही. आता ते नाहीत, आणि माणूस वाईट नव्हता. आम्ही त्यांना चित्रकार सरच म्हणायचो. आमच्या चित्रकलेच्या बाईंनी त्यांना सांगितलं, “या मुलीचे वडील वाजवायचे. चेहरा बघाच तुम्ही त्यांचा.”

रविवारी दुपारी ते स्कूटरवरून आमच्या घरी आले. दादा अंगणात बाजेवर पेपर घेऊन बसलेले. सरांनी सगळं नीट समजावून सांगितलं. दादांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “माझं चित्र काढायचं आसंल तर काढा. पण वाजवतानी न्हाई. मी आता पेपर वाचतो, पेपर वाचतानी काढा.”

“पण दादा, मला वादक हवाय.”

“मंग दुसरा कोणी बघा. मी ते सोडलं. बिलकुल सोडलं.”

सर हसले, हरकत नाही म्हणाले. तासभर बसून त्यांनी दादांच्या चेहऱ्याची चार-पाच रेखाटनं केली. पेपर वाचताना, बिडी पेटवताना, नुसतं समोर बघताना. मायनं चहा दिला. कपबशी घेताना सर तिला नमस्कार करून म्हणाले, “तुमच्या मालकांचा चेहरा फार बोलका आहे.” माय म्हणाली, “चेहराच बोलतो. तोंड कुठं बोलतं?” सगळे हसले. आमच्या घरात पाहुण्यांबरोबर असं हसणं क्वचितच होई. म्हणून ते लक्षात राहिलं.

मग ते माझी चित्रवही बघायला थांबले. दादा कुणाच्या तरी हाकेला वस्तीत गेले, माय विहिरीवर. सरांनी वहीतलं एकेक पान उलटत माझ्या रेषेचं कौतुक केलं, आणि पिशवीतून रंगीत खडूंची पेटी काढून माझ्या हातात ठेवली. पूर्ण पेटी, एकही खडू तुटलेला नाही. आजही मला त्या पेटीचा दोष देता येत नाही. मला तशी पेटी हवी होती, आणि त्याहून जास्त, कुणीतरी मला चित्रकार समजावं असं वाटत होतं. ते म्हणाले, “वाजवताना कसे दिसायचे ग तुझे वडील?”

मी त्यांना कधी वाजवताना पाहिलं नव्हतं. ‘मला माहीत नाही’ म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी आत गेले, गोधड्यांच्या खालची पत्र्याची पेटी उघडली, आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला सूर बाहेर आणला. तो तिथं आहे हे मला ठाऊक होतं. हात लावायचा नाही हेही न सांगता ठाऊक होतं. काळपट लाकूड, पितळी तोंड हिरवं पडलेलं. मी बाजेवर मांडी घातली, तो ओठांना लावल्यासारखा धरला, गाल फुगवले. आणि दादा ज्या वेळी तो स्वर धरत तेव्हा ते जसं करत, तसे डोळे मिटून घेतले. सरांची पेन्सिल कागदावर भराभर चालल्याचा आवाज मला मिटल्या डोळ्यांनी ऐकू येत होता. ते म्हणाले, “वा! डोळे असेच ठेव. अगदी असेच.”

सूर मी परत ठेवला, पण फडकं उलट गुंडाळलं गेलं असावं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर माय पेटी उघडून जमिनीवर बसली होती. मला मारील असं वाटलं. ती म्हणाली, “बस इथं.”

“माय, मी नुसता दाखवला.”

“बस मनलं ना.”

मी बसले. सूर तिच्या मांडीवर होता, एखाद्या निजलेल्या लेकरासारखा, आणि तिनं जे सांगितलं ते त्याच आवाजात, ज्या आवाजात ती शेजारणीला भाजीत किती तिखट टाकायचं ते सांगे.

“तुज्या आधी तुला एक भाऊ झाल्ता. नऊ महिन्याचा. गावात मोठ्या घरचं लगीन होतं, हे सकाळपासून वाजवायला गेल्ते. हिकडं लेकराला ताप चढला. अंग नुस्तं तवा. फिट आली तसं मी त्याला उचललं आन् मांडवाकडं पळाले. चपलांच्या ढिगापल्याड उभी राह्यले. तिथून पुढं आपल्या वस्तीतल्यायला जाऊ देत न्हवते. आक्षता पडू राह्यल्या होत्या. हाक मारली तर वाजंत्र्यात कोणाला ऐकू येती? पण त्यायनं बघितलं. बराबर माझ्या डोळ्यांत बघितलं, लेकराकडं बघितलं.”

तिनं मांडीवरचा सूर सरळ केला. बाहेर कुणाच्या तरी शेळीच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

“आन् डोळे मिटून घेतले.”

“कामून?”

“आक्षतांत सूर तुटला तर अपशकुन मानायचे. त्याच्या आदल्या साली एकाला सूर तुटला म्हणून दावणीच्या दोरानं मारल्तं. भ्याले. मी किती येळ उभी होते ठावं न्हाई. वाटलं, आता उघडतील, आता उघडतील. मंग मी अंबडच्या रस्त्याला लागले. पायीच. दवाखाना दिसायच्या आधीच ते गार झालं.”

मी विचारलं, मग हा सूर अजून घरात कसा? ती म्हणाली, “ते जाळायला निघाल्ते. मीच न्हाई जाळू दिला. जाळला आसता तर इसरले आसते.”

माझी माय कठोर बाई नव्हती. दादांना ताप आला तर रात्ररात्र त्यांच्या उशाशी बसणारी, त्यांच्या भाकरीवर पहिलं तुपाचं बोट फिरवणारी बाई होती. तरी तिनं ते वाक्य उच्चारलं, आणि मला वाटतं, ते इतकी वर्षं ती कुणाला तरी सांगायची वाट बघत होती. त्या दिवसापासून आमचं घर मला वेगळं ऐकू येऊ लागलं. दादांचा तो स्वर सुरू झाला की मी हातातलं काम सोडून कान देऊन बसायची. मायच्या पावलांचा आवाज, मग दोन बोटं, मग शांतता. त्या शांततेत चपलांच्या ढिगापल्याड कुणीतरी उभं असायचं. आता माझ्या घराबाहेर विजेची डीपी आहे, ती पावसाळ्यात अगदी त्याच पट्टीत घुमते. नातवंडं म्हणतात, आजी खिडकी लाव. मी खिडकी लावते, पण आवाज आत राहिलेला असतो.

सरांना जाऊन सांगावं, चित्र तसं काढू नका, असं हजारदा मनात आलं. मी सांगितलं नाही. खडूंची पेटी दप्तरातच राहिली.

सहा-सात महिन्यांनी सभागृहाच्या उद्घाटनाचं निमंत्रण आलं. दादांच्या नावाचं, छापील. त्यांनी ते अक्षरावर बोट ठेवून दोनदा वाचलं. माय म्हणाली, मी येत नाही. दादा पांढरा सदरा आणि इस्त्रीची पँट घालून तयार झाले, आणि मला घेऊन अंबडहून एसटीनं जालन्याला निघाले. वाटेत त्यांनी मला विचारलं, “पेपर हातात दाखवला आसंल ना त्यायनं?” मी खिडकीबाहेर बघत राहिले.

सभागृहात शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर दादा होते. माणसाच्या दुप्पट उंचीचे. डोक्याला लाल पटका, जो त्यांनी आयुष्यात बांधला नव्हता. उघडी छाती, फुगलेले गाल, मानेच्या ताणलेल्या शिरा. मागं पालखी, गुलाल, आकाशात उडणारे पक्षी. आणि मिटलेले डोळे. चित्र चांगलं होतं, हे मला आज चाळीस वर्षं मुलांना चित्रकला शिकवल्यावरही म्हणावं लागतं. गालाचा एकेक स्नायू खरा होता. चित्रकार सर पाहुण्यांना समजावून सांगत होते. “हा कुणी एक माणूस नाही. हा आपल्या मातीचा श्वास आहे. प्रतीक आहे. बघा, डोळे मिटलेत. तो या जगात नाहीच. तो त्या स्वरात विरघळलाय, ईश्वराशी एकरूप झालाय.”

पाहुणे माना डोलवत होते. एक बाई म्हणाल्या, “काय समाधान आहे हो चेहऱ्यावर!”

दादा माझ्या शेजारी, सगळ्यांच्या मागं उभे होते. त्यांनी हळू आवाजात विचारलं, “सुमन, प्रतीक म्हंजे काय?”

मी म्हणाले, “एक दाखवायचं आणि त्यातून दुसरं सांगायचं.”

“हां,” ते म्हणाले. आणि चित्राकडे बघत राहिले.

तेवढ्यात सरांची नजर गेली. “अरे, हेच ते! आलेत की!” करत त्यांनी दादांना हाताला धरून पुढं नेलं. टाळ्या झाल्या. फोटोवाला आला. दादांना चित्राखाली उभं केलं गेलं. चित्रातल्या माणसापुढं ते किती लहान दिसत होते. फोटोवाला कॅमेरा डोळ्याला लावून म्हणाला, “काका, जरा डोळे मिटा. चित्रातल्यासारखे. आणि गाल फुगवा थोडे.”

“न्हाई,” दादा म्हणाले.

“एकच सेकंद, काका.”

“न्हाई मनलं ना.”

सगळीकडे जरा चुळबुळ झाली. कुणीतरी, लाजतायत ते, असं म्हणून वेळ मारून नेली. मुख्य पाहुण्यांना चहाकडे नेलं. दालन रिकामं झालं. चित्रकार सर, दादा आणि मी, एवढेच राहिलो. सर म्हणाले, “रागावलात का? तुम्ही सांगितलं होतं ते मी मोडलं, मान्य आहे. पण चित्राला ते हवं होतं.”

“पटक्याचं जाऊ द्या,” दादा म्हणाले. “पालखीचं जाऊ द्या. साहेब, ते डोळे उघडा.”

“ते कसं शक्य आहे? सगळ्या चित्राचा अर्थ त्या डोळ्यांत आहे. ती तल्लीनता गेली तर उरेल काय?”

“मी कशातच तल्लीन न्हवतो.” दादांचा आवाज चढला नाही. बाजारात पोत्यांची गिनती सांगताना जसा असे तसाच होता. “माझी बायको तापलेलं लेकरू घेऊन समोर उभी होती. मला तिच्याकडं बघायचं न्हवतं. म्हणून मिटले. ते लेकरू गेलं. आता इथं येणारा जाणारा मनतो, काय समाधान हाय. हे मी बघू शकत न्हाई साहेब. बाकी कायबी ठेवा.”

सर चित्रातल्या डोळ्यांकडे वळले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे बघत होते. नव्या फरशीवर चुन्याचे शिंतोडे पडलेले होते, ते मी मोजले नाहीत, पण अजून दिसतात.

परतीच्या एसटीत मी रडायला लागले. म्हणाले, “दादा, डोळे मी मिटून दाखवले सरांना. सूरपण मीच काढून दाखवला.”

त्यांनी हातातल्या तिकिटाची घडी करून खिशात ठेवली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. हमालीनं घट्टे पडलेला तो हात केसांत अडकायचा. “मला ठावं हाय,” ते म्हणाले. “तू काय तुज्या मनानं केलं का? मी घरात जे करून राह्यलो तेच तुला दिसलं.” आणि थोड्या वेळानं, “मायला सांगू नको मी तिथं काय बोललो ते.”

मी सांगितलं नाही. पण त्या घरात न सांगितलेलं कधीच लपत नसे.

महिन्याभरानं सरांचं पत्र आलं. एकच ओळ होती: तुम्ही सांगितलं तसं केलं. दादांनी ते वाचून पेपराच्या घडीत ठेवलं. ते पुन्हा कधी तिथं गेले नाहीत. पुढं आमच्या बाईंकडून कळलं की सभागृहाचे लोक सरांवर फार नाराज झाले. पहिलं चित्र लोकांना आवडायचं. आता आत येणारा माणूस दारातच थबकायचा. कार्यक्रमाला बसलेल्या बायका जागा बदलून घ्यायच्या. तिथला व्यवस्थापक म्हणे एकटा असला की त्या भिंतीकडे पाठ करून बसायचा, आणि मग पाठीवर नजर जाणवते म्हणून उठून बाहेर जायचा. वर्षभरात त्यांनी चित्र उतरवलं आणि मागच्या खोलीत टाकलं. भिंतीवर त्याच्या जागी एक निसर्गदृश्य लागलं.

मी शिक्षिका झाले, जालन्यातच मस्तगडला एक खोली घेऊन राहू लागले. एकदा माय चार दिवस राहायला आली. येताना घरच्या येसर मसाल्याचा डबा आणि भाजलेल्या शेंगा घेऊन आली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर हात पुसत म्हणाली, “ते उघड्या डोळ्याचं चित्र कुठं हाय? दाखव मला.”

मी चकित झाले. तिनं कधी विषयसुद्धा काढला नव्हता. “तुला कुणी सांगितलं डोळे उघडल्याचं?”

“कोण सांगणार? त्यायनंच सांगितलं. एवढ्या वर्षांनी. आता येतानी.”

आम्ही रिक्षानं गेलो. मी तिथल्या कारकुनाची जुजबी ओळख काढली. त्यानं मागच्या खोलीचं कुलूप उघडून दिलं. मोडक्या खुर्च्या, गुंडाळलेल्या सतरंज्या, निवडणुकीचे फलक, आणि भिंतीला टेकवून आडवं ठेवलेलं ते चित्र. कारकुनानं आणि मी मिळून ते उभं केलं. मीही पहिल्यांदाच पाहत होते. पटका तोच, पालखी तीच, फुगलेले गाल तेच. फक्त डोळे उघडे. सरांनी त्या डोळ्यांत काही घातलं नव्हतं, पाणी नाही, दुःख नाही. कुणीतरी समोर येऊन उभं राहिलंय आणि तो बघतोय, एवढंच. स्वर धरलेला, आणि बघतोय.

माय पुढं गेली नाही. चपला दारात काढून दोन पावलं आत, खुर्च्यांच्या ढिगापल्याड उभी राहिली. मी म्हणाले, “जवळ ये ना.” तिनं हातानं मला गप्प केलं. पदर दातांत धरला. थोडी डावीकडे सरकली, मग उजवीकडे, आणि दोन्ही वेळा तिनं बघितलं की तो बघतोय. मग तिनं पदर सोडला. ती रडली नाही. खूप वेळ तशीच उभी राहिली, इतका की कारकून बाहेर जाऊन तंबाखू मळून आला. तिला तिथं काय दिसलं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि ती गेली तोवर तिनं सांगितलं नाही.

शेवटी कारकून म्हणाला, “आजी, पाहिजे तर घेऊन जा. इथं वाळवीच खाणार. टेम्पोत टाकून देतो.”

मी मायकडे पाहिलं. मला ते हवं होतं.

माय म्हणाली, “न्हाई. त्याला इथंच ऱ्हाऊ दे. माझा माणूस घरी हाय.” आणि पायांत चपला सरकवत मला म्हणाली, “चल जल्दी. अंबडची गाडी सापडली तर आजच जाते. तीन दिवस झाले, त्यायनं काही धड खाल्लं नसंल.”